ओळख आणि अधिकार : संगणकाच्या दारावरील दोन प्रश्न

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा खर्च केलाच पाहिजे, हा आग्रह त्यांनी तेथे धरला होता. या शिष्यवृत्तीवर आपल्या तीन पिढ्या शिकल्या. पूर्वी तिचा अर्ज छापील फॉर्मवर भरून महाविद्यालयाच्या खिडकीत द्यावा लागे. २०१७ पासून तो 'महाडीबीटी' या शासकीय पोर्टलवर भरला जाऊ लागला. खिडकीच्या जागी आता संगणकाचे दार आले आहे.

हे दार कोणासाठी उघडते, कसे उघडते आणि उघडल्यावर आत काय करता येते, हे समजून घेणे आता केवळ संगणक शिकणाऱ्यांचे काम राहिलेले नाही. ज्याला शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, रेशन किंवा पेन्शन हवी आहे त्या प्रत्येकाचा या दाराशी संबंध येतो. शिवाय आपल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण उद्या अशी पोर्टले तयार करतील, तर कित्येक जण कार्यालयात बसून ती चालवतील. या तिन्ही प्रकारच्या वाचकांसाठी हा विषय आम्ही येथे अभ्यासास घेतला आहे.

दोन वेगळे प्रश्न

संगणकाच्या दारावर दोन प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न, तू कोण आहेस? दुसरा प्रश्न, तुला येथे काय करण्याचा अधिकार आहे? पहिल्याला ऑथेंटिकेशन म्हणजे ओळख पडताळणी म्हणतात. दुसऱ्याला ऑथरायझेशन म्हणजे अधिकार देणे असे म्हणतात. दिलेला अधिकार प्रत्यक्षात पाळला जातो की नाही हे पाहण्याची जी व्यवस्था, तिचे नाव अ‍ॅक्सेस कंट्रोल अर्थात प्रवेश नियंत्रण.

हे दोन प्रश्न एकच आहेत असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. बँकेत आपले पासबुक पाहून कारकून आपल्याला ओळखतो. परंतु ओळख पटली म्हणून आपल्याला तिजोरीच्या खोलीत जाता येत नाही आणि शेजाऱ्याच्या खात्यातील रक्कमही पाहता येत नाही. ओळख पटणे ही पहिली पायरी होय. अधिकार तपासणे ही दुसरी पायरी, आणि ती प्रत्येक कामाच्या वेळी नव्याने चढावी लागते.

अधिकार कागदावर असणे आणि तो जागेवर मिळणे यांतील अंतर आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरीही पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा अंतिम निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले. नियम होता, पण तळ्याच्या काठावर तो कोणी लागू करीत नव्हते. संगणकातही नेमके असेच घडते. 'अमुक माहिती फक्त अमुक अधिकाऱ्यानेच पाहावी' असे नियमपुस्तिकेत लिहिलेले असते, परंतु प्रोग्राममध्ये त्याची तपासणी केलेली नसते. अशा वेळी हक्कदार बाहेर राहतो, नाहीतर बिनहक्काचा आत शिरतो. दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे.

ओळख पटविण्याचे तीन मार्ग

माणसाची ओळख तीन गोष्टींवरून पटवली जाते. एक, त्याला काय ठाऊक आहे, उदाहरणार्थ पासवर्ड. दोन, त्याच्याजवळ काय आहे. उदाहरणार्थ ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो मोबाइल. तीन, तो स्वतः कसा आहे. उदाहरणार्थ बोटाचा ठसा किंवा डोळ्याचे बुबुळ.

परवलीचा शब्द ही किल्ल्यावरच्या पहाऱ्यापासून चालत आलेली जुनी पद्धत आहे. अनेकांनी मिळून वापरण्याच्या संगणकावर ती १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने आणली. थोड्याच काळात तिची दुबळी बाजूही तेथेच दिसून आली. १९६२ मध्ये एका संशोधक विद्यार्थ्याने, संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. पासवर्ड जसेच्या तसे लिहून ठेवले तर यादी हाती लागताच सगळी दारे उघडतात, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

त्यावरचा उपाय समजण्यास सोपा आहे. जात्यातून ज्वारी दळली की पीठ मिळते, पण पिठातून पुन्हा दाणे काढता येत नाहीत. त्याप्रमाणे चांगले पोर्टल आपला पासवर्ड साठवत नाही. तो गणिती जात्यातून दळून निघालेले पीठ तेवढे साठवते. याला हॅश म्हणतात. पुढच्या वेळी आपण पासवर्ड टाइप केला की तो पुन्हा दळला जातो आणि दोन्ही पिठे जुळली तर दार उघडते. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ सारखे निघू नये म्हणून प्रत्येकाच्या दळणात निराळा आकडा मिसळतात. त्याला संगणकशास्त्रातही मीठ, म्हणजे सॉल्ट, असेच म्हणतात. ही पद्धत रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात मांडली. पुढे बीक्रिप्ट (१९९९) व आर्गॉन-टू (२०१५) ही मुद्दाम सावकाश दळणारी जाती आली. चोराने लाखो शब्द दळून पाहायचे म्हटले तर त्याला फार वेळ लागावा हा त्यामागचा हेतू होय. यावरून एक साधी कसोटी सांगता येते. 'पासवर्ड विसरलो' असे कळविल्यावर जे पोर्टल आपला जुनाच पासवर्ड ईमेलने पाठवते, ते दाणे साठवून ठेवत आहे असे खुशाल समजावे. चांगले पोर्टल नवा पासवर्ड ठरविण्याची सोय देते. जुना त्याला स्वतःलाच माहीत नसतो.

दुसरा मार्ग ओटीपीचा. इंटरनेटवरून कार्डाने पैसे देताना कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक पडताळणी झालीच पाहिजे, असा नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून लागू केला. तेव्हापासून ओटीपी आपल्या घराघरात शिरला. कार्ड चोरीला गेले तरी मोबाइल आपल्याकडे असतो, या गृहीतावर ही पद्धत उभी आहे. म्हणून ओटीपी दुसऱ्याला सांगणे म्हणजे आपल्या हाताने दुसरे कुलूप काढून देणे होय.

तिसरा मार्ग शरीरावरील खुणांचा. आधार क्रमांकाचे पहिले वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या टेंभली या आदिवासी गावात झाले. बारा अंकी क्रमांक, दहा बोटांचे ठसे व बुबुळांचे चित्र, असे त्याचे स्वरूप आहे. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. विटा उचलणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. म्हातारपणी त्या आणखी पुसट होतात. यंत्र ठसा नाकारते तेव्हा माणूस खोटा ठरत नाही. यंत्राची मर्यादा उघड होते. म्हणून ठसा जुळला नाही तर बुबुळ, ओटीपी किंवा अन्य कागदपत्र असा दुसरा मार्ग मिळालाच पाहिजे. ओळख पटविण्याची जी व्यवस्था श्रमिकाला दारातून परत पाठवते, ती अपुरी व्यवस्था आहे असे आम्ही म्हणतो.

आत गेल्यावरचा बिल्ला

वेबची मूळ रचना विसरभोळी आहे. आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलो की आपण कोण हे सर्व्हरच्या लक्षात राहत नाही. दर पानावर पासवर्ड मागितला तर काम होणार नाही. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी कुकीची युक्ती काढली. एकदा ओळख पटली की सर्व्हर आपल्या ब्राउझरला एक लांबलचक, कोणालाही अंदाज करता न येणारा क्रमांक देतो. पुढे प्रत्येक पानाबरोबर ब्राउझर तो क्रमांक दाखवत राहतो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर सेवा देणाऱ्या स्वयंसेवकांचे बिल्ले आपण पाहतो. दर वेळी नाव-गाव न विचारता बिल्ला पाहून त्यांना पुढे सोडतात. कुकीचे काम असेच आहे. मात्र बिल्ला पडला आणि तो दुसऱ्याने लावला, तर पाहणारा फसतो. नेट कॅफेतील संगणकावर काम झाल्यावर लॉगआउट न करता उठून जाणे म्हणजे बिल्ला टेबलावर ठेवून जाणे. नंतर बसणाऱ्याला पासवर्ड माहीत असण्याची गरजच उरत नाही. लॉगआउट केल्यावर सर्व्हरने तो क्रमांक रद्द करावा आणि काही वेळ काम न झाल्यास आपोआप रद्द करावा, हे पोर्टल तयार करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

अधिकार माणसाला नव्हे, कामाला

आता दुसरा प्रश्न. कोणाला काय करू द्यायचे हे एकेका माणसाच्या नावाने लिहीत बसले तर मोठ्या कार्यालयात गोंधळ उडतो. म्हणून अधिकार पदाला, म्हणजे भूमिकेला जोडतात आणि माणसाला ती भूमिका देतात. ही मांडणी १९९२ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कून यांनी केली. पुढे तिच्या विकासात रवी संधू यांचाही मोठा वाटा आहे. माणसाची बदली झाली की भूमिका काढून घ्यायची. अधिकारांच्या यादीला हात लावावा लागत नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जाचेच उदाहरण घेऊ. विद्यार्थी आपला अर्ज भरतो. महाविद्यालयाचा लिपिक तो तपासतो. प्राचार्य मान्यता देतात. त्यानंतर तो समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या लॉगिनवर जातो. विद्यार्थ्याला फक्त स्वतःचा अर्ज दिसावा. लिपिकाला आपल्या महाविद्यालयाचे अर्ज दिसावेत, पण अंतिम मंजुरी त्याच्या हाती नसावी. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा आणि महत्त्वाच्या कामाला दोन वेगवेगळ्या किल्ल्या लागाव्यात, ही तत्त्वे साल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ सालीच लिहून ठेवली आहेत. त्यांचे आणखी एक तत्त्व असे की, ज्याबद्दल स्पष्ट परवानगी नाही ते बंद समजावे; आणि प्रत्येक मागणी, ती कितव्यांदा का आलेली असेना, तपासल्याशिवाय पुढे सोडू नये.

हे शेवटचे तत्त्वच सर्वांत जास्त मोडले जाते. समजा, एका पोर्टलवर आपला अर्ज उघडला असता वर पत्त्याच्या पट्टीत १२०५ हा क्रमांक दिसतो. कोणी सहज त्या जागी १२०६ लिहिले आणि दुसऱ्या मुलीचा अर्ज, तिचा जातीचा दाखला, वडिलांचे उत्पन्न व बँक खाते समोर आले, तर काय झाले? पोर्टलने 'तू कोण' हे विचारले, पण 'हा अर्ज तुझा आहे काय' हे विचारले नाही. काही प्रोग्रामर दुसऱ्याच्या अर्जाची लिंक पडद्यावर दाखवत नाहीत आणि तेवढ्यावर समाधान मानतात. दारावर पडदा टाकला म्हणून कुलूप लागत नाही. तपासणी सर्व्हरवरच, दर वेळी, झाली पाहिजे. वेब सुरक्षिततेवर काम करणाऱ्या ओवास्प या जागतिक संस्थेने २०२१ च्या आपल्या यादीत प्रवेश नियंत्रणातील दोषाला पहिल्या क्रमांकावर ठेवले. २०१७ च्या यादीत तो पाचवा होता.

तपासणारा स्वतःच खरा आहे काय, हेही पाहावे लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये दोन दिवसांत काढले गेले. एटीएममधून आलेल्या मागण्या बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडे न जाता चोरांनी मध्ये उभ्या केलेल्या खोट्या यंत्रणेकडे गेल्या आणि ती प्रत्येक मागणीला होकार देत राहिली. कार्डेही बनावट होती. प्रश्न विचारला गेला, पण उत्तर देणारा चोरांचाच होता.

नागपूरचा धडा

असे प्रकार दूर कोठेतरी घडतात असे समजू नये. राज्यातील शाळांतील शिक्षक व कर्मचाऱ्यांचे पगार 'शालार्थ' या संगणकीय प्रणालीतून होतात. त्यासाठी प्रत्येकाला शालार्थ क्रमांक लागतो. नेमणुकीची रीतसर मान्यता नसताना बनावट कागदपत्रांच्या आधारे असे क्रमांक मिळवून शासनाचा पगार उचलल्याचे प्रकरण २०२५ मध्ये नागपूर विभागात गाजले. शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना व इतरांना अटक झाली आणि विशेष तपास पथक नेमण्यात आले. कोणाचा किती दोष, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्यावर आम्ही भाष्य करीत नाही.

परंतु अभ्यासाच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. संगणकाला क्रमांक दिसतो, माणूस दिसत नाही. एकदा क्रमांक प्रणालीत शिरला की दर महिन्याला यंत्र इमानाने पगार काढत राहते. म्हणून खरी कसोटी क्रमांक देण्याच्या क्षणी असते. तो देणारा एक, तपासणारा दुसरा आणि मान्यता देणारा तिसरा असे वेगवेगळे हात असतील, प्रत्येकाची किल्ली त्याच्याकडेच असेल आणि कोणत्या लॉगिनवरून किती वाजता काय झाले याची न पुसता येणारी नोंद राहत असेल, तरच तीन टप्प्यांना अर्थ आहे. साहेबांचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवलेला असेल आणि एकच कर्मचारी सर्वांच्या वतीने बटण दाबत असेल, तर कागदावर टप्पे तीन, प्रत्यक्षात एकच. पुढे चौकशी झाली की नोंद मात्र साहेबांच्या नावावर निघते. आणि बुडतो तो पैसा जनतेचा असतो. शाळेत खरोखर शिकविणाऱ्या शिक्षकाचा व शिकणाऱ्या मुलाचा असतो.

भिक्खुसंघाची प्रवेशपद्धती

प्रवेश द्यायचा तर काय विचारावे आणि काय विचारू नये, याचा विचार आपल्या परंपरेत फार पूर्वी झालेला आहे. विनयपिटकानुसार उपसंपदा घेणाऱ्याला ठरावीक प्रश्न विचारले जातात. अमुक रोग नाहीत ना? तू मनुष्य आहेस ना? स्वतंत्र आहेस ना? कर्जमुक्त आहेस ना? राजाच्या नोकरीत नाहीस ना? आईवडिलांची अनुमती आहे ना? वीस वर्षे पूर्ण झाली ना? पात्र व चीवर आहे ना? तुझे नाव काय, तुझा उपाध्याय कोण? 'तू मनुष्य आहेस ना' या प्रश्नामागे मनुष्यरूप धारण करून संघात शिरलेल्या एका नागाची कथा आहे. आजचे पोर्टल वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावते तेही, समोर माणूस आहे की यंत्र, हे पाहण्यासाठीच.

या प्रश्नांत जात कोठेही नाही. ज्या अटीचा संघजीवनाशी संबंध, तीच विचारली जाई. निर्णयही एकट्याचा नसे. मध्यदेशात किमान दहा भिक्खूंच्या संघापुढे ज्ञप्ती मांडून तीन वेळा संमती विचारली जाई. ज्येष्ठता जन्मावरून नव्हे, तर उपसंपदेच्या काळावरून ठरे. म्हणून नापित उपालीला शाक्य कुमारांच्या आधी प्रव्रज्या मिळाली आणि त्या कुमारांनी त्याला वंदन केले. गरजेपुरते विचारणे, सर्वांना एकच नियम लावणे आणि निर्णय अनेकांच्या समोर घेणे, ही तीन सूत्रे आजच्या प्रोग्रामरनेही वहीत लिहून ठेवावीत अशी आहेत.

विद्यार्थ्यांसाठी काही सूचना

१) शिष्यवृत्तीच्या अर्जात मोबाइल क्रमांक व ईमेल स्वतःचाच किंवा घरच्यांचाच द्यावा. नेट कॅफेवाल्याचा क्रमांक दिल्यास, त्रुटीसाठी अर्ज परत आल्याचा निरोप त्याच्याकडे जातो आणि मुदत संपल्यावर आपल्याला कळते. वर्षभराची फी त्यात अडकते.

२) फॉर्म भरायला मदत घ्यावी, पण पासवर्ड स्वतः टाइप करावा. तो कोणी पाहिला असल्यास घरी येऊन बदलावा.

३) पासवर्ड लांब असावा. आपल्यालाच सुचलेले, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहिले तरी चालतात. नाव, जन्मतारीख व मोबाइल क्रमांक टाळावा. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे वापरू नये.

४) काम झाल्यावर लॉगआउट करावे. दुसऱ्याच्या संगणकावर 'पासवर्ड जतन करू का' असे विचारल्यास नाही म्हणावे. डाउनलोड केलेले दाखले पुसून टाकावेत.

५) आपल्या पासवर्डचा कोणी गैरवापर केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पैसे गेले असल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

६) जे विद्यार्थी प्रोग्राम लिहितात त्यांनी आपल्या प्रकल्पात दोन वेगवेगळ्या नावांनी लॉगिन करून पाहावे. एकाला दुसऱ्याची माहिती दिसते काय, हे तपासल्याशिवाय प्रकल्प पूर्ण झाला असे मानू नये.

७) विहार समित्या, पतसंस्था व वसतिगृहे चालविणाऱ्या सभासदांनी एकच लॉगिन सर्वांनी वापरण्याची सवय मोडावी. पदाधिकारी बदलला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करावा. ही अविश्वासाची गोष्ट नव्हे. सोडून जाणाऱ्यालाही पुढच्या आरोपापासून तीच वाचवते.

समारोप

आपल्या पूर्वजांना 'तू कोण' हा प्रश्न विचारला जाई तो बाहेर ठेवण्यासाठी. उत्तर जन्माबरोबरच ठरलेले असे आणि ते बदलण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी संविधानाच्या मार्गाने त्या दारांवरचे नियम बदलले. आता शिष्यवृत्तीचे, नोकरीचे आणि रेशनचे दार संगणकाच्या आज्ञांनी उघडते व बंद होते. त्या आज्ञा माणसेच लिहितात. त्या लिहिणाऱ्यांत आपली मुले-मुली मोठ्या संख्येने असली पाहिजेत. त्यांनी लिहिलेल्या दारावर हक्काच्या माणसाला ताटकळत राहावे लागू नये आणि दुसऱ्याच्या हक्काचे कोणाला ओरबाडता येऊ नये. तोपर्यंत प्रत्येकाने आपली किल्ली आपल्याजवळ ठेवावी आणि ती कशी चालते हे घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!